मर्टलची हरकत

आमच्या गावातले मेलेले लोक आता मतदान करत नाहीत. फोटोचं ओळखपत्र आलं आणि त्यांची सवय मोडली. पूर्वी मात्र निवडणुकीच्या दिवशी ड्रमकेलची दफनभूमी ओस पडते, असं माझा नवरा फेलिम म्हणायचा. दफनभूमी दोन. आम्हा कॅथलिकांची चॅपलमागे, प्रोटेस्टंटांची टेकडीवरच्या चर्चमागे. पण या बाबतीत दोन्हीकडची मंडळी सारखीच उत्साही होती.

मर्टल अर्विन या फेब्रुवारीत गेली. तिच्या अंत्यविधीला पाद्री तिच्या डेलियाच्या फुलांबद्दल बोलले, सफरचंदाच्या टार्टबद्दल बोलले, चर्चमधली पितळी भांडी ती कशी घासायची त्याबद्दल बोलले. त्या बुधवारबद्दल एक अक्षर नाही. बाकांवर बसलेल्यांपैकी निम्म्यांना तरी तो आठवत होता. तेव्हापासून मला स्वस्थ बसवत नाही, म्हणून लिहिते आहे.

वीसएक वर्षं मर्टल आणि मी प्रत्येक निवडणुकीला एका टेबलाशी बसलो. ती त्यांच्या पक्षाची एजंट, मी आमच्या. प्राथमिक शाळेच्या वर्गात केंद्राध्यक्षांचं टेबल असे, त्याला लागून आमचं. खुर्च्या पोरांच्या, त्यामुळे संध्याकाळपर्यंत गुडघे हनुवटीला लागायचे. मतदारानं येऊन नाव सांगायचं, आणि तो खरंच तोच आहे ना, हे आम्ही बघायचं. संशय आला तर ‘हरकत’ म्हणायचं. मग केंद्राध्यक्ष कायद्यानं ठरवून दिलेले दोन प्रश्न विचारत. यादीत या नावानं नोंद असलेली व्यक्ती आपणच का? आपण या निवडणुकीत आधी मतदान केलं आहे का? उत्तरं बरोबर आली की मतपत्रिका द्यावीच लागे. एजंटला त्याहून पुढे जायचं असेल तर ‘हा तोतया आहे, मी कोर्टात सिद्ध करीन’ असं लिहून सही द्यायची. मग दाराशी उभा असलेला पोलीस त्या माणसाला घेऊन जाई. तिथवर सहसा कुणी जात नसे. पहिला प्रश्न ऐकला की बहुतेक तोतये ‘चष्मा घरी राहिला वाटतं’ म्हणत काढता पाय घेत.

माझी निवड का झाली, तर कॉन्व्हेंटच्या सिस्टर गोंझागांनी वळण लावलेलं माझं अक्षर चांगलं होतं, आणि एकदा पाहिलेला चेहरा मी विसरत नसे. मर्टलची निवड का झाली, तर पशुखाद्याच्या दुकानाच्या गल्ल्यावर ती बसायची, आणि गाई-डुकरं पाळणारा प्रत्येक माणूस तिच्यासमोरून जायचा.

कायद्यात नसलेला एक नियम आम्ही दोघी पाळत असू. कुणी कुणाला तो सांगितला नव्हता. मी हरकत घ्यायची ती त्यांच्या माणसांवर, मर्टलनं आमच्या. स्वतःच्या बाजूचा मेलेला उठून आला तर खाली बघायचं. मर्टल विणकाम घेऊन बसायची. तिच्या सुया एकाएकी भराभर चालायला लागल्या आणि नजर टाक्यांवर गेली की मी समोरच्या माणसाकडे जरा नीट बघायची. मी पर्समध्ये रुमाल शोधायला लागले की ती बघायची.

“किती गं हरवतात रुमाल तुझे,” ती म्हणायची.

“सर्दीची प्रकृती आहे.”

“निवडणुकीपुरती.”

समोरच्या भिंतीवर राणीचा फोटो होता. पहिल्या वर्षी मी खुर्ची जरा तिरकी करून बसले, तर मर्टल म्हणाली, “बस की सरळ. ती काही तुला चावत नाही.”

“मला नाही चावत. पण दिवसभर रोखून बघते.”

“तीही एजंटच आहे असं समज. आमच्या बाजूची.”

आमच्याकडे मत हे मत नसतं, डोकं असतं. माणसाचं आडनाव कळलं, शाळा कळली, की त्याचं मत कळलं. हा जमिनीचा तुकडा लंडनचा की डब्लिनचा, एवढा एकच प्रश्न प्रत्येक निवडणुकीत असतो. मग ती निवडणूक रस्त्यातले खड्डे बुजवणाऱ्या कौन्सिलची का असेना. ते लंडन म्हणतात, आम्ही डब्लिन. आणि ड्रमकेलमध्ये डोकी अशी काठावर होती की दर वेळी दोन्ही बाजूंना वाटायचं, खरे जास्त आपणच आहोत, पलीकडचे फक्त लबाडीनं आपल्या बरोबरीला येतात.

मर्टल मूळची टुलीरॉसच्या क्रोझियरांची. त्यांची शेतं तळ्यापासून थेट सरहद्दीच्या ओढ्यापर्यंत. आई लवकर गेली. धाकट्या वेस्लीला मर्टलनंच वाढवलं. त्याला बुटाच्या नाड्या बांधायला शिकवलं, पाढे म्हणून घेतले. सेसिल अर्विनशी लग्न होऊन ती गावात दुकानावर आली तेव्हा वेस्ली चांगला वाढलेला बाप्या होता, तरी रोज संध्याकाळी सेसिलला वाढायच्या आधी ती त्याचं जेवण ताटात काढून, वर दुसरं ताट पालथं घालून टुलीरॉसला पोचवायची. तिला मूल झालं नाही. वेस्लीनं लग्न केलं नाही. “घरात एक बाई आधीच हुकूम सोडायला येते, दुसरी कशाला,” असं तो म्हणायचा.

वेस्ली गाई पाळायचा आणि आठवड्यातून तीन-चार संध्याकाळी सैन्याचा गणवेश चढवून रस्त्यावर उभा राहायचा. त्यांच्यातले बरेच शेतकरी तेव्हा अशी अर्धवेळ नोकरी करत. आमच्या लोकांना ते खुपायचं. सकाळी बाजारात ‘काय म्हणता’ करणारा माणूस संध्याकाळी तोंडावर टॉर्च मारून गाडी थांबवायचा. एकदा त्यानं फेलिमला नाव विचारलं. फेलिम भडकला.

“अरे, गेल्या आठवड्यात तुझ्या गाईचं वासरू मी ओढून काढलं! कोपरापर्यंत हात घातला होता!”

“ठाऊक आहे रे फेलिम. पण सांगावं लागतं.”

“मग तूच सांग! तुला ठाऊक आहे ना?”

वेस्लीनं मुकाट्यानं लिहून घेतलं आणि शेवटी म्हणाला, “वासरू बरं आहे.”

मतदानाला मात्र तो सगळ्यांच्या आधी हजर असायचा. त्याच्यावर हरकत घ्यायची झाली तर ती मीच घेणार, हे त्याला माहीत होतं. म्हणून टोपी काढून माझ्यासमोर उभा राहायचा, चेहरा डावीकडे फिरवायचा, उजवीकडे फिरवायचा. “बघ गं डिंफ्ना नीट. मीच आहे ना?”

“हा चेहरा दुसरं कोण उसना घेईल?” मी म्हणायची.

मर्टल सुयांवरून नजर न काढता म्हणायची, “मत दे आणि चालता हो. गाई दोहायच्या राहिल्यात.”

तो बुधवार आला त्या वर्षीच्या मार्चमध्ये वेस्ली वासरांना खाद्य घालायला गेला असताना कुंपणाच्या फाटकाशी दोघांनी त्याला गोळ्या घातल्या. ते आमच्या बाजूचे होते. नावं कुणाला माहीत नव्हती, किंवा सगळ्यांना माहीत होती. आमच्याकडे या दोहोंत फारसा फरक नसतो.

मी केक घेऊन मर्टलच्या घरी गेले. खोली भरलेली होती, मी दारात दिसताच बोलणं थांबलं. मर्टल उठली, केक हातातून घेतला, मला खुर्ची दिली, चहा ओतला. साखर घालताना तिचा हात थांबला. “किती घेतेस मी विसरले,” ती म्हणाली. हे ती कधी विसरत नसे. अंत्यविधीला फेलिम आणि मी त्यांच्या चर्चच्या फाटकाशी उभे राहिलो. आत जायला आता आमच्या धर्माची मनाई नव्हती, पण पाय आत जात नव्हते.

मेमध्ये, त्या बुधवारी, कौन्सिलची निवडणूक आली. ती यायची नाही असं मी धरूनच चालले होते. गेले तर ती काळ्या कपड्यांत, तिच्या खुर्चीवर, लोकरीचा गुंडा मांडीवर.

“मला वाटलं नव्हतं तू येशील.”

“घरी बसून काय करू? भिंती बघू?” थोड्या वेळानं म्हणाली, “सँडविच अंड्याचे आहेत. तुझ्यासाठी कांदा कमी घातलाय.”

तो दिवसच वाईट होता. सकाळपासून डोक्यावर हेलिकॉप्टर घिरट्या घालत होतं, खिडकीची तावदानं थरथरत होती. लोक येत, नाव सांगत, पेटीत कागद टाकत आणि कुणाशी न बोलता जात. एरवी रेंगाळून पावसाबद्दल, बटाट्यांबद्दल बोलणारे दारातूनच वळत होते. यादीतलं एक पान उलटलं की ‘क्रोझियर, वेस्ली जॉन, टुलीरॉस’ हे नाव वर यायचं. यादी शरद ऋतूत तयार होते, तिला मार्चचं काय ठाऊक! ते पान उलटायची वेळ आली की मी कोपर त्यावर ठेवायची. मर्टलनं दोनदा बघितलं आणि तिसऱ्यांदा म्हणाली, “उचल कोपर. छापलंय ते, झाकून काय होणार?”

दुपारी चर्चच्या बाजूनं एक व्हॅन येऊन शाळेच्या भिंतीपलीकडे थांबली. अशीच आमची एक चॅपलमागे थांबलेली असणार, हे मला माहीत होतं. थोड्या वेळानं एक माणूस आत आला. तिशीचा, रुंद खांद्यांचा, डोक्यावर ट्वीडची टोपी. मी त्याला कधीच पाहिलं नव्हतं, म्हणजे तो आमच्या पंचक्रोशीतला नव्हता. केंद्राध्यक्ष हॅसर्डसाहेब दुसऱ्या जिल्ह्यातले, निवृत्त हेडमास्तर. ते कुणालाच ओळखत नसत. त्यांनी विचारलं, “नाव?”

“वेस्ली जॉन क्रोझियर. टुलीरॉस.”

सुयांचा आवाज बंद झाला.

माझं काम होतं ते. तो त्यांच्या बाजूचा, म्हणजे हरकत माझी. मी हात वर करायला लागले, तर मर्टलनं माझं मनगट टेबलावर दाबून धरलं.

“नको,” ती म्हणाली. “हा माझा आहे.”

मला वाटलं, गप्प राहा असं सांगते आहे. मी राहिलेही असते. तेवढ्यात ती मोठ्यानं म्हणाली, “हरकत.”

हॅसर्डसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. “आपण? पण हे तर...” पुढचं त्यांनी गिळलं. प्रश्नांचा कागद घेतला आणि वाचला. यादीत वेस्ली जॉन क्रोझियर या नावानं नोंद असलेली व्यक्ती आपणच का?

“हो,” माणूस म्हणाला. तो मर्टलकडे बघून जरासा हसला. ओळखीचं नाही, आपल्या माणसाकडे बघून हसतात तसं.

दुसऱ्या प्रश्नालाही त्यानं बरोबर उत्तर दिलं.

“तर मला मतपत्रिका द्यावी लागेल,” हॅसर्डसाहेब म्हणाले. “आपल्याला पुढे जायचं असेल, अर्विनबाई, तर हे लिहून सही करून द्या. मग कोर्टात सिद्ध करण्याची जबाबदारी आपली.”

“कागद द्या.”

आता तो माणूस गडबडला. “अहो, मला सांगितलं होतं, ती बाई आपली आहे म्हणून!”

दाराशी उभा असलेला पोलीस अस्वस्थपणे पाय बदलत होता. तोही त्यांच्याच बाजूचा. कुणीतरी बाहेर धावलं असावं, कारण लगेच डेसमंड रॅमेज आत आला. जिल्ह्याच्या गावचा हा तरुण वकील, त्यांच्या पक्षाची या भागातली सगळी व्यवस्था त्याच्याकडे. यादीतून हे नाव त्यानंच शोधून काढलेलं. वेस्ली क्रोझियर कसा गेला हे त्यानं वर्तमानपत्रात वाचलं होतं, पण दुकानातली मर्टल अर्विन ही माहेरची क्रोझियर, हे त्याला ठाऊक नव्हतं. गावातल्या कुणाला विचारलं असतं तर कळलं असतं. आपल्याच लोकांत विचारायची गरज काय, असं त्याला वाटलं असणार.

“अर्विनबाई, जरा बाहेर येता?”

“मला जागा सोडता येत नाही.”

तो तिच्या खुर्चीशी वाकला. मी तिथेच आहे याची त्याला पर्वा नव्हती, की मी ऐकावं असंच त्याला वाटत होतं, कोण जाणे. “तुमच्या दुःखात मी आहे. मला आत्ता बाहेर कळलं. पण विचार करा. वेस्लीचं मत त्यांनी हिसकावून घेतलं. गोळ्या घालून घेतलं. आम्ही ते त्याला परत देतोय. त्याला काय आवडलं असतं? या एका जागेवर कौन्सिल अडलंय. ती गेली तर कौन्सिल कुणाच्या हातात जाणार? ज्यांनी त्याला मारलं त्यांच्या.”

हे खोटं नव्हतं. म्हणजे आमचा उमेदवार शाळामास्तर होता, त्यानं कधी ससासुद्धा मारला नव्हता. पण मारणारे त्यालाच मत देणार, हे खरं होतं. मी माझ्या यादीकडे बघत राहिले. वेस्लीचं मत कुठे पडलं असतं यात शंका नव्हतीच. एक मत, आणि तेही त्याच्याच मनासारखं. रॅमेजच्या म्हणण्यात मला तरी खोट काढता येत नव्हती.

मर्टलनं वाकून त्या माणसाकडे पाहिलं. “टोपी काढ,” ती म्हणाली.

त्यानं काढली.

“वेस्ली आत आल्यावर टोपी काढायचा.”

“चुकलं, बाई.”

“तुझं नाव काय?”

हॅसर्डसाहेब घाईनं म्हणाले, “कायद्यानं दोनच प्रश्न विचारता येतात, अर्विनबाई.”

“बरं,” मर्टल म्हणाली. मग रॅमेजला म्हणाली, “तुम्ही म्हणता त्याचं मत परत देताय. मग हा कोण उभा आहे माझ्यासमोर? हा मला म्हणाला, मी वेस्ली. माझ्या तोंडावर म्हणाला. मी खाली बघितलं, तर मग मार्चमध्ये मी कुणाला पुरलं?”

“एवढ्यासाठी तुम्ही आपल्या माणसाला पकडून द्याल? यांच्यासमोर?” त्यानं माझ्याकडे मान झटकली.

“यांच्यासमोर नको असेल तर डिंफ्ना तोंड फिरवेल. फिरव गं.”

मी तोंड फिरवलं. समोर राणी होती. कागदावर टाक घासल्याचा आवाज ऐकला, तेवढंच.

त्या माणसाला पोलिसानं दंडाला धरून नेलं. त्याला काय करायचं ते समजत नव्हतं. दारातून तो ‘सॉरी बाई’ म्हणाला, आणि मर्टलनं मान हलवली. भिंतीपलीकडची व्हॅन लगेच निघून गेली. तीत आणखी माणसं होती, आणि त्यांच्या खिशांत आणखी मेलेल्यांची नावं. बातमी चॅपलपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. आमचा बार्नी ओवेन्स, जो आमच्या व्हॅनचा मालक, त्यानंही आपली माणसं घरी पाठवली. आता पोलीस कुणालाही धरेल, अशी भीती सगळ्यांना बसली. त्या दिवशी दोन्हीकडचे मेलेले आपापल्या जागी स्वस्थ झोपले.

केंद्र बंद होईपर्यंत मर्टल बसून होती. सुया हातात होत्या पण चालत नव्हत्या. चहा दिला, तो प्यायली नाही. एकदाच बोलली. “त्याची टोपी बघितलीस? नवी होती. लेबल काढायचं राहिलं होतं आतलं.”

दुसऱ्या दिवशी शेवटच्या मोजणीत आमचा शाळामास्तर चार मतांनी निवडून आला. कौन्सिल आमच्याकडे आलं. ड्रमकेलमध्ये पहिल्यांदाच फक्त जिवंत माणसांनी मतदान केलं होतं आणि काय निघालं, तर आम्ही चारांनी जास्त होतो. आमच्या लोकांना यात नवल वाटलं नाही. त्यांच्या लोकांना हा हिशेब पटणं शक्यच नव्हतं. त्यांच्या लेखी मर्टलनं कौन्सिल देऊन टाकलं होतं.

ज्यांनी वेस्लीच्या शवपेटीला खांदा दिला होता, ते रस्ता ओलांडून पलीकडे जायला लागले. चर्चमध्ये तिच्या बाकावर कुणी बसेना. सुगीच्या जेवणाला तिनं नेलेले टार्ट कापलेसुद्धा गेले नाहीत, तशीच्या तशी ताटं घरी आली. सेसिलनं ते टार्ट डुकरांना घातले. दुकानाच्या दारावर रंगानं ‘फितूर’ लिहिलं गेलं. सेसिल रॉकेलनं पुसत बसला, आणि पुसता पुसता तिला जे म्हणाला ते तिनं मला नंतर कित्येक वर्षांनी सांगितलं. “तुला खाली बघता आलं नाही?” एवढंच. रागानं नाही. खरंच विचारत होता. त्यानंतर तो तिच्याशी कामापुरतं बोलायचा, आणि त्याचा तिच्यावर फार जीव होता तरी तो मरेपर्यंत त्यात फरक पडला नाही.

इकडे आमची माणसं चेकाळली. बार्नी ओवेन्स रविवारच्या प्रार्थनेनंतर चॅपलच्या फाटकात मला म्हणाला, “काय डिंफ्ना, तुझी मैत्रीण भारी निघाली! स्वतःचाच माणूस पकडून दिला. आपल्यात घेऊन टाक तिला.”

“तू घे. तुला एकदा तिच्यासमोर उभा राहिलेला बघायचंय मला,” मी म्हटलं. पण घरी येईपर्यंत चीड गेली नाही.

रस्त्यात तिच्याकडे बघून आमचे लोक हसायला लागले, मान लववायला लागले. एक दिवस मर्टल माझ्या दारात उभी राहिली. आत ये म्हटलं तर आली नाही.

“तुझ्या लोकांना सांग, माझ्याकडे बघून हसू नका.”

“चांगल्या मनानं...”

“कसल्या चांगल्या मनानं! तुमच्यातल्या दोघांनी त्याला मारलं, ते या रस्त्यावरून सायकलीनं जातात. त्यांनीही परवा मान लववली मला. मी तुमच्यासाठी काही केलेलं नाही. सांग त्यांना.”

मी सांगितलं. त्या जुलैत, त्यांचे लोक घरोघरी झेंडे लावतात तेव्हा, तिनं दुकानावर राणीचा झेंडा लावला, दरवर्षीच्या दुप्पट मोठा. आमचे लोक हसायचे थांबले. तिचे लोक म्हणाले, आता झेंडा लावून काय उपयोग. त्यामुळे ऑगस्ट संपेपर्यंत तो एकटाच फडकत होता, आणि दुकानावरून जाताना दोन्ही बाजूंचे लोक दुसरीकडे बघत होते.

पुढच्या निवडणुकीला तिच्या खुर्चीवर कुणीतरी नवा येणार हे उघड होतं. आला तो रॅमेजच्या ऑफिसातला कारकून, स्टुअर्ट नावाचा. नीट भांग, करकरीत कॉलर. त्यानं स्वतःची यादी आणली होती पण डबा आणला नव्हता. दिवस किती लांब असतो हे त्याला कुणी सांगितलं नसावं. माझ्याशी तो बोलला नाही.

मधली वर्षं मर्टलला फार जड गेली होती. मत द्यायला आली ती दुपारी, गर्दी होती तेव्हा. सगळी रांग तिच्यापासून थोडी अंतर ठेवून उभी. टेबलाशी येऊन ती म्हणाली, “मर्टल अर्विन. मेन स्ट्रीट.”

“हरकत,” स्टुअर्ट म्हणाला.

मला आधी कळलंच नाही. मग रांगेत कुणीतरी फिसकन हसलं, तेव्हा कळलं. त्याला ती कोण हे माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच.

“हा काय चावटपणा?” मी म्हटलं. “वीस वर्षं या खुर्चीवर बसत होती ती!”

“एजंटांनी मध्ये बोलू नये,” हॅसर्डसाहेब म्हणाले. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. पण हरकत आली की प्रश्न विचारावेच लागतात. त्यांनी कागद घेतला. तिच्याकडे न बघता वाचलं. “यादीत मर्टल अर्विन या नावानं नोंद असलेली व्यक्ती आपणच का?”

मर्टलनं आधी रांगेकडे पाहिलं. त्यात तिच्याबरोबर शाळेत गेलेल्या बायका होत्या. तिच्याकडून कोंडा आणि मका घेतलेले बाप्ये होते. एकेकाचा चेहरा तिनं पाहिला, गल्ल्यावर बसून बघायची तसा, आणि एकेकानं खाली बघितलं. दोन्ही बाजूंच्यांनी. पर्स उघडण्याचे, बटणं चाचपण्याचे आवाज मला ऐकू आले.

मग ती माझ्याकडे वळली. “बघ गं डिंफ्ना नीट,” ती म्हणाली. “मीच आहे ना?”

मला ठरलेलं उत्तर देता आलं नाही. मी मान हलवली.

“हो,” ती हॅसर्डसाहेबांना म्हणाली. “मीच.”

“आपण या निवडणुकीत आधी मतदान केलं आहे का?”

“नाही.”

मतपत्रिका घेऊन ती आडोशाला गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. कुणाला मत दिलं, दिलं की कोराच कागद घडी करून टाकला, मला माहीत नाही. तिनं कधी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. पेटीत कागद टाकून ती आमच्या टेबलाजवळून जाताना थांबली. स्टुअर्ट ताठ बसला.

“याला चहा दे गं थोडा,” ती मला म्हणाली. “काही आणलेलं दिसत नाही. अजून खूप बसायचंय.”

आणि गेली. मी थर्मासच्या झाकणात चहा ओतून त्याच्यापुढे सरकवला. त्यानं तो बराच वेळ तसाच ठेवला, जणू कुणी वेगळ्याच माणसाचा आहे. वाफ थांबली. पुढचा मतदार आला, नाव सांगितलं, आणि मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. स्टुअर्टनं थंड झालेला चहा एका दमात पिऊन झाकण उलटं करून माझ्याकडे ढकललं.